पाय मोजले असते तर

घरामागच्या बुटक्या पाइनची एक फांदी वाळायला लागली तेव्हा मी आधी पाण्याला दोष दिला, मग मातीला. सुया गवताच्या काड्यांसारख्या पिवळट पडल्या होत्या, काही तर पिळा बसल्यासारख्या वळल्या होत्या. पाणी कमी पडलं असतं तर सगळं झाड मलूल झालं असतं, एवढा साधा विचारही डोक्यात आला नाही. दोन दिवसांनी जवळ जाऊन बघितलं तर फांदी हलत होती. वारा अजिबात नव्हता.

अळ्या. एकमेकींना खेटून, सुयांना मिठ्या मारून बसलेल्या, पन्नास-साठ तरी. राखाडी हिरवट अंग, पाठीवर फिकट पट्टा, कडेनं गडद रेघा आणि डोकं असं काळं चकचकीत की कुणीतरी बुटाचं पॉलिश लावून घासलंय. एकेका सुईवर दोन-दोन, तीन-तीन, टोकाकडून बुंध्याकडे खात येणाऱ्या.

घरात बीटीची पावडर होती. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूपासून केलेलं हे औषध मला आवडतं, कारण ते निवडून मारतं. अळीनं फवारलेलं पान खाल्लं की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्यालाच भोकं पाडतं, आणि आजूबाजूच्या मधमाश्यांना, पक्ष्यांना, आपल्याला काही होत नाही. फवारलं. तीन दिवस वाट पाहिली. अळ्या खातच होत्या. मग जे करू नये ते केलं, मात्रा दुप्पट करून पुन्हा फवारलं. त्यानं एवढंच झालं की अळ्यांच्या अंगावर पांढरट ठिपके पडले आणि तशा ठिपकेदार अंगानं त्या पुढच्या सुईवर सरकल्या.

शेवटी फोटो काढून एका मैत्रिणीला पाठवला. तिचं सगळं आयुष्य किड्यांमध्ये गेलंय. मी लिहिलं, "अगं, ही कुठल्या फुलपाखराची अळी? मरतच नाहीये." तिचं उत्तर दोन शब्दांचं आलं. "पाय मोज."

भिंग घेऊन बसले. पुढचे सहा पाय खरे, काळे, सांधे असलेले. मग थोडी जागा सोडून मांसल बोंडांसारखे पाय सुरू होतात ते जोडीजोडीनं थेट शेपटापर्यंत. मध्येच अळी सरकली की हिशेब चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला जमलं. बोंडांच्या आठ जोड्या, म्हणजे एकूण बावीस पाय. कळवलं.

"मग फुलपाखरू कुठलं," ती म्हणाली. "त्यांच्या अळीला पोटाखाली सहसा फार तर पाच जोड्या. सहा किंवा जास्त दिसल्या की समजायचं, ही करवतमाशी. मुंगीच्या आणि मधमाशीच्या घराण्यातली. तुझं बीटी फुलपाखरं-पतंगांच्या पोरांसाठी आहे, हिला ते नुसतं मीठ लावल्यासारखं."

नावात माशी असली तरी ही माशी नव्हे. माशीला पंखांची एकच जोडी, हिला दोन. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या ज्या गणात येतात त्याच गणाची ही सगळ्यात जुनी शाखा. हिच्या वंशाचे जीवाश्म ट्रायासिक काळातले, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुने सापडतात. गांधीलमाशीची ती प्रसिद्ध चिमटलेली कंबर हिला नाही, छातीपासून पोटापर्यंत अंग सरळ एकसलग. डंखही नाही. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायचा जो अवयव असतो त्याच्या पात्यांना दाते असतात आणि ती पाती ती मागेपुढे सरकवते, म्हणून करवत. आपल्याला मधमाशी चावली की जे टोचतं ते याच अवयवाचं पुढे घडलेलं रूप. मला हे कळल्यावर उगीचच बरं वाटलं. विषाच्या आधी या घराण्यात सुतारकाम होतं तर.

मैत्रिणीनं पुढचा सल्लाही दिला होता. हातमोजे घाल आणि वेचून टाक, किंवा पाण्याचा जोरदार झोत मार. दोन-चार फांद्यांचाच प्रश्न असेल तर यापेक्षा मोठं काही करायची गरज नसते. मी एका फांदीवरच्या वेचल्या. दुसरी फांदी मात्र तशीच ठेवली, कारण तोवर मला त्यांचं वेड लागलं होतं.

पहिली गंमत त्यांच्या झटक्याची. फांदीवर सावली पडली किंवा जवळ जोरात बोललं की सगळ्याच्या सगळ्या एकदम डोकं आणि शेपूट वर उचलतात आणि झटकतात. कवायत म्हणावी इतकं एका ठेक्यात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फांदी वाऱ्याशिवाय हलत होती ती याच कारणानं, मीच वाकून त्यांच्यावर सावली पाडली होती. चित्रवेलीसारखा अर्धवर्तुळाकार आकार धरून क्षणभर थांबतात आणि पुन्हा खायला लागतात. मी एकीला गवताच्या काडीनं टोचलं तर तिनं तोंडातून पिवळसर थेंब काढला आणि मान वळवून नेमका काडीवर लावला. काडी बोटाला लागली. तो चिकटपणा साबणानं गेला नाही आणि वास अगदी ओळखीचा, तुटलेल्या पाइनच्या फांदीचा.

ती राळच होती, झाडाचीच. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली नेमक्या याच जातीवर, निओडिप्रिऑन सर्टिफरवर, काम करून हे दाखवलं. पाइन राळ करतो ती आपल्याला खाणाऱ्याचं तोंड चिकटावं, पोट बिघडावं म्हणून. ही अळी सुई खाते, पण राळ पोटात पुढे जाऊ देत नाही. घशापाशी दोन पिशव्या असतात, त्यांत ती वेगळी साठवते. त्या पिशव्यांचं अस्तर बाहेरच्या कातडीसारखंच असतं, त्यामुळे राळेचा तिला त्रास नाही. मुंगी किंवा कोळी अंगावर आला की पिशवीतला थेंब बाहेर. राळ माखलेली मुंगी हल्ला सोडून पाय पुसत बसते. झाडानं घडवलेली ढाल चोरून तिची तलवार केलेली. आणि एकत्र बसायचं कारणही तिथंच. एका अळीचा थेंब तो केवढा, पण साठ अळ्यांनी एकदम डोकी उचलली की समोरच्यानं दुसरं जेवण शोधावं हे बरं. अर्थात या एकीतही कामचुकार असतात. पाइनवरच्याच दुसऱ्या एका जातीत असं दिसलंय की थेंब काढणं अंगाला महागात पडतं आणि सगळ्या सारखा थेंब काढत नाहीत. वाचून हसू आलं. वर्गणी काढणाऱ्या कुठल्याही मंडळाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

एकत्र राहण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला थेंबापेक्षाही जास्त भिडलं. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली अळी म्हणजे रेघेएवढी. तिच्यासमोर जुनी, कडक, मेणचट सुई. तिला तिथं दात रोवता येत नाहीत. कॅनडात जॅक पाइनवरच्या करवतमाशीवर काम करताना घेंट नावाच्या संशोधकानं १९६० मध्ये नोंदवलं की एकट्या ठेवलेल्या पिल्लांतली पुष्कळशी पहिला घास न घेताच मरतात. घोळक्यात असल्या तर कुणीतरी एक कशीबशी सुईची साल फोडते आणि बाकीच्या त्या जागेकडे गोळा होऊन तिथूनच खायला लागतात. मला वाळक्या काड्यांसारख्या दिसलेल्या, पीळ पडलेल्या सुया म्हणजे हेच पहिले घास. लहानपणी त्या सुईची फक्त बाहेरची कड खरवडतात, मधली शीर तशीच सोडतात, ती वाळून वळते. थोड्या मोठ्या झाल्या की अख्खी सुई बुंध्यापर्यंत साफ.

मला भीती होती झाड मरेल याची. मेलं नाही. या जातीच्या अळ्या वसंताच्या सुरुवातीला निघतात, झाडाचे नवे कोंब धड फुटलेलेही नसतात, आणि त्या गेल्या वर्षीच्या आणि त्याआधीच्या सुयाच खातात. नवी सुई कोवळी, मग ती का नाही? आपल्याला कोवळं तेच गोड वाटतं. पण काही पाइनच्या कोवळ्या सुयांत या अळ्यांना नकोशी वाटणारी राळेतली आम्लं असतात, हे जॅक पाइनवर दाखवलं गेलंय. सुई जुनी झाली की ती कमी होतात. झाड जणू म्हणतं, ताटातलं शिळं घ्या, ताज्याला हात लावू नका. परिणाम असा की उन्हाळ्यात माझी फांदी बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसत होती, फक्त उलटी. मागे नुसती काठी आणि टोकाला हिरवा झुपका. वाढ खुंटली, दिसायला विद्रूप झाली, पण टोक जिवंत. डिप्रिऑन पिनी या युरोपातल्या जातीची उन्हाळ्याअखेरीची पिढी मात्र जुनं-नवं काही बघत नाही, त्यामुळे तिचा घाव खोल बसतो. सारखी दोन-तीन वर्षं अशी गेली, वर दुष्काळ पडला, की झाड खोड पोखरणाऱ्या किड्यांच्या तावडीत सापडतं.

त्याच डिप्रिऑन पिनीच्या निमित्तानं झाडाची दुसरी बाजू उघडी पडली. मादी करवतीनं सुईची कड चिरते, त्या चिरेत एकापुढे एक अंडी रांगेनं ठेवते आणि वर फेसाचा लेप देते. बर्लिनमधल्या फ्री विद्यापीठातल्या मोनिका हिल्कर आणि त्यांच्या गटानं दाखवलं की अशी अंडी घातल्यावर पाइन आपल्या सुयांमधून सुटणाऱ्या वासाचं मिश्रण बदलतो. आणि तो बदललेला वास एका अगदी बारीक परोपजीवी गांधीलमाशीला ओढून आणतो, जी करवतमाशीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. अळी अजून जन्मलेलीही नसते आणि झाडानं तिच्या मारेकऱ्याला निरोप धाडलेला असतो.

इथवर मी अनेक ठिकाणी वाचलं होतं. २०१९ मध्ये याच गटानं छापलेलं पुढचं मात्र नवं होतं. करवतमाशीची मादी नराला बोलावायला गंध सोडते. तो किती जोरदार असतो याची कल्पना १९६० सालच्या एका प्रयोगातून येते. डिप्रिऑन सिमिलिस जातीची एकच कुमारी मादी पिंजऱ्यात ठेवली होती आणि तिच्याकडे अकरा हजारांवर नर आले. अकरा हजार! नराच्या मिशा पिसांसारख्या का असतात ते यावरून कळावं. बर्लिनच्या गटानं पाइनची रोपं आधी या गंधात ठेवली आणि मग त्यांच्यावर अंडी घालू दिली. गंध न मिळालेल्या रोपांच्या मानानं या रोपांवर कमी अंडी जगली. मादीनं जी हाक नराला मारली ती झाडाच्याही कानी गेली आणि त्यानं कंबर कसून ठेवली. कान, कंबर हे शब्द झाडाला लावू नयेत हे मला कळतं. पण मराठीत दुसरं कसं सांगायचं?

नराचा विषय निघालाच आहे तर, या घराण्यात नर बिनबापाचे असतात. फलित न झालेल्या अंड्यातून नर, फलित अंड्यातून मादी, मधमाश्यांसारखंच. स्प्रूस या पाइनसारख्याच सुयांच्या झाडावरच्या एका करवतमाशीनं तर नरांचा नादच सोडलाय, जवळजवळ सगळ्या माद्याच आणि त्यांना होतात त्याही माद्याच.

हीच ती, गिल्पिनिया हर्सिनी, युरोपातून नकळत कॅनडात पोचली आणि १९३० च्या दशकात क्वेबेकच्या गॅस्पे भागातली स्प्रूसची जंगलं तिनं मैलोनमैल बोडकी केली. उपाय म्हणून युरोपातून परोपजीवी कीटक आणून प्रचंड संख्येनं सोडले गेले. त्यांनी आपलं काम केलंच, पण त्यांच्याबरोबर बहुधा एक बिनबोलावता पाहुणाही आला. करवतमाशीच्या अळ्यांना होणारा एक विषाणू. तो पसरला आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अळ्यांची साथ ओसरली. माणसांनी मांडलेल्या बेतापेक्षा बेताबरोबर चुकून आलेलं पथ्यावर पडलं. पुढे १९४९ मध्ये माझ्या अंगणातल्या जातीवरचा विषाणू स्वीडनमधून मुद्दाम कॅनडात आणला गेला. या जातीत तो फक्त आतड्याच्या अस्तरात वाढतो. म्हणजे माझं बीटी जिथं हल्ला करायला गेलं होतं तीच जागा, फक्त कुलपाला किल्ली बरोबर. आणि ज्या घोळक्यानं त्यांना मुंग्यांपासून वाचवलं तोच इथं घात करतो. खेटून बसलेल्या घोळक्यात एक आजारी पडली की आठ-दहा दिवसांत सगळी फांदी मऊ, तपकिरी, लोंबणाऱ्या अळ्यांची.

माझ्या फांदीवर तसलं काही झालं नाही. एका सकाळी अळ्या दिसल्याच नाहीत. मी खोटं बोलणार नाही, क्षणभर वाटलं, दुप्पट मात्रेनं उशिरा का होईना काम केलं. मैत्रिणीनं तो आनंदही टिकू दिला नाही. "खाली उतरल्यात. कोष करायला."

आणि मग होलिंग भेटले, म्हणजे वाचनातून. सी. एस. होलिंग हे कॅनडाचे परिसर-अभ्यासक. १९५० च्या दशकात त्यांनी ऑन्टेरिओतल्या पाइनच्या लागवडींमध्ये जमिनीतले करवतमाशीचे कोष मोजायला घेतले. कोष म्हणजे सेंटिमीटरभर लांबीचं, तपकिरी, कातडी कॅप्सूल. चिचुंद्र्या आणि उंदीर ते उकरून फोडून खातात. प्रत्येक जातीची फोडायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे रिकाम्या कोषावरच्या दातांच्या खुणांवरून कोणी खाल्लं ते ओळखता येतं. घरात उघड्या पडलेल्या डब्यावरून कुणाचा हात लागला ते आईला कळतं तसं. त्यांचा प्रश्न साधा होता. कोष दुप्पट झाले तर खाणारा दुप्पट खातो का? खातो, पण एका मर्यादेपर्यंत. मग आकडा वाढायचा थांबतो.

का थांबतो हे समजायला त्यांनी जो प्रयोग केला तो मला फार आवडतो. टेबलावर काचकागदाच्या गोल चकत्या टाचल्या. एका सहायकाचे डोळे बांधले. त्यानं बोटानं टेबल चाचपायचं, चकती लागली की उचलून बाजूला ठेवायची, पुन्हा चाचपायला लागायचं. चकत्या थोड्या असताना वेळ शोधण्यात जातो. खूप असताना शोधायला वेळच लागत नाही, पण उचलून ठेवायला लागतोच, आणि तो काही कमी होत नाही. तिथं रेघ सपाट होते. १९५९ मध्ये छापलेलं ते समीकरण आजही 'चकती समीकरण' याच नावानं शिकवलं जातं. चिचुंद्रीचा हिशेब डोळे बांधून चाचपडणाऱ्या माणसानं सोडवला. याच होलिंगनी पुढे १९७३ मध्ये निसर्गाच्या तग धरण्याच्या ताकदीची जी कल्पना मांडली ती आता अर्थतज्ज्ञांपासून नगररचनाकारांपर्यंत सगळे वापरतात, आणि त्यातल्या किती जणांना कोष उकरणारी चिचुंद्री ठाऊक असेल कोण जाणे.

चिचुंद्रीवर सरकारचाही विश्वास बसला होता. न्यूफाउंडलंड बेटावर चिचुंद्री मुळात नव्हतीच. लार्च या आणखी एका सुयांच्या झाडावरच्या करवतमाशीनं तिथं उच्छाद मांडला तेव्हा १९५८ साली बाहेरून बावीस चिचुंद्र्या आणून सोडल्या. त्या बेटभर पसरल्या. बावीस पायांच्या अळीवर बावीस चिचुंद्र्या, असं लिहायचा मोह झाला होता, पण लार्चवरची अळी वेगळ्या कुळातली, तिला बोंडांच्या सातच जोड्या. वीस पाय. योगायोग जुळता जुळता हुकला. या खेपेला मी आधी मोजलं होतं.

पानगळीच्या शेवटी, माश्या निघून गेल्या असतील असा अंदाज घेऊन, मी पाइनखालचा सुयांचा थर उकरला. जुन्या चहागाळणीत माती चाळली. एकूण एकतीस कोष मिळाले. वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि दिव्याखाली एकेक फिरवून पाहिला. चौदांच्या टोकाला गोल झाकण होतं, इतकं सफाईनं कापलेलं की डबा उघडून झाकण बाजूला कलतं ठेवावं. त्यातून करवतमाश्या गेल्या होत्या. सहांना कडेला टाचणीनं पाडल्यासारखं भोक, म्हणजे आत दुसरंच कुणीतरी वाढलं आणि तेच बाहेर आलं. नऊ फाडलेले, दोन जुनाट, चेपलेले आणि मातीनं भरलेले असे की काही सांगता येईना. फाडलेल्यांतल्या काहींची कड बारीक कुरतडलेली, काहींची एका ओढीत फाटल्यासारखी. रात्री माझ्या अंगणात दोन वेगवेगळे पाहुणे जेवून गेले होते आणि मला पत्ता नव्हता.

बेरीज पुन्हा केली. एकतीस बरोबर. कागद उचलताना मात्र घडीतून एक कोष घरंगळला. हा बत्तिसावा. त्याला झाकण नाही, भोक नाही, ओरखडा नाही. हलवून पाहिला तर आत वजन होतं. काही कोष त्या वर्षी उघडतच नाहीत, आतली अळी पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षापर्यंत तशीच निजून राहते. मी तो मुठीत धरून बाहेर गेले, खोडाजवळ बोटानं सुया सारल्या आणि खाली ठेवून दिला. उठताना डोळ्यांसमोर आलेल्या सुईच्या कडेवर फिकट ठिपक्यांची एक रांग दिसली, शिवणयंत्रानं घातल्यासारखी. अंधार पडत होता. तरी मोजली. आठ होती.